शब्दचर्चा : ‘सवाई’ म्हणजे नक्की किती?

डिसेंबरात सवाई गंधर्व संगीत महोत्सव आला की पुण्यात जो तो ‘सवाईला येणार का?’ विचारतो. परवा भाचीने विचारलं, ‘मामा, सवाई म्हणजे बालगंधर्वच ना?’ नाही म्हटलं खरं, पण ‘सवाई’ का, ते धड सांगता येईना. थोरले माधवराव आणि सवाई माधवराव आहेतच. मग सवाई म्हणजे धाकटा का?

प्रतिसाद १ :
धाकटा नव्हे, सव्वापट. जुन्या शाळांत पावकी-निमकीबरोबर सवायकी, म्हणजे सव्वाचा पाढा, घोकून घ्यायचे. सवाईने धान्य उसनं दिलं की चार पायलीला पाच पायली परत. आणि धाकटं म्हणाल तर रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, १८८६ चे. बालगंधर्व १८८८ चे! दोघेही रंगभूमीवर स्त्रीभूमिका करायचे, तेव्हा तुलना होणारच. त्यातून आलेली ही दाद. आमच्या आजोबांपुढे मात्र बालगंधर्वांहून कोणी सव्वापट आहे असं म्हणायची कुणाची टाप नव्हती.

प्रतिसाद २ :
गवयाला दाद, ठीक. पेशव्याचं तसं नाही. थोरले माधवराव १७७२ मध्ये गेले, १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला आणि पुढल्या वर्षी पुरंदरावर जन्मलेल्या त्यांच्या मुलाला चुलत्याचं नाव ठेवलं. पाळण्यातल्या पोराचा पराक्रम मोजणार कसा? तिथे ‘सवाई’ ही नुसती उमेद. ती फळायच्या आत, १७९५ मध्ये, एकविसाव्या वर्षीच तो गेला.

प्रतिसाद ३ :
थोडं अवांतर, पण गंधर्वांचंच. महाभारतात शंतनूच्या मुलाचं नाव चित्रांगद आणि त्याच नावाचा एक गंधर्वराजही. कुरुक्षेत्रावर दोघे तीन वर्षं लढले, राजपुत्र मेला. मूळ श्लोकात त्या गंधर्वाला ‘तुल्यनामा’ म्हटलंय. ‘नामसाधर्म्य असलेला’ असं लांबण लावण्यापेक्षा हा शब्द किती आटोपशीर! मराठीत रुळला नाही, याची चुटपुट लागते.

मूळ प्रश्नकर्ता :
आभार. भाचीला सव्वापटीचा हिशेब सांगितला. आता ती विचारतेय, मग सौदागर गोऱ्यांना ‘छोटा गंधर्व’ कशाला म्हणायचं, ‘पाऊण गंधर्व’ का नाही?