अकादमीतली मेरिट आणि युनिटमधलं काम: संबंध किती?

मुठाकाठ
संरक्षणशास्त्रात एमए करतोय, पुणे विद्यापीठ. प्रबंधाचा विषय तरुण लष्करी अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण आणि कमिशननंतरचं काम. खडकवासल्यातली (एनडीए) 3 वर्षं आणि डेहराडूनचं (आयएमए) 1 यांची मेरिट एकीकडे, एसीआर (युनिटातला वार्षिक गोपनीय अहवाल) दुसरीकडे, असा सहसंबंध काढायचाय. कुठे फसेन?

आकडेमोड
एसीआरवरच. नावातच गोपनीय आहे, हाती येणार नाही. आला तरी गुण 1 ते 9 आणि गर्दी 8-9 वर. सगळेच उत्तम, तर सहसंबंध कशाचा काढणार?

शिवाय एसएसबीच्या (अधिकारी निवड मंडळ) 5 दिवसांत गळलेले तुमच्या नमुन्यात नाहीतच. गाळून उरलेल्या गटात सहसंबंध मुळात लहान दिसतो, तेवढ्यावरून ‘प्रशिक्षण निरुपयोगी’ असा निष्कर्ष काढू नका. आणि गुण देताना एक सीओ (युनिटचा प्रमुख) सैल, दुसरा कडक. वेगवेगळ्या युनिटांचे गुण एका रकान्यात घालू नयेत.

दापोडीकर
सहमत. आधी एकच आर्म (लष्कराची शाखा) निवडा. इन्फन्ट्रीचा वायओ कोर्स (तरुण अधिकाऱ्यांचा) महूला, तोफखान्याचा देवळालीला, रणगाड्यांचा नगरला, इंजिनिअर्सचा इथे पुण्यातच, सीएमईत (लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय). त्यातले गुण प्रत्यक्ष कामाच्या जास्त जवळ असतात. अकादमीत कॅडेट स्वतः पळतो, स्वतः पेपर लिहितो, वर कोणीतरी बघत असतं. युनिटात काम दुसऱ्यांकडून करून घ्यायचं असतं.

मुठाकाठ
मग मोजू काय?

दापोडीकर
एक ठरावीक काम. उदाहरणार्थ फायरिंग रेंज लेफ्टनंटच्या हाती द्या. दारूगोळ्याची मागणी वेळेत गेली का, लाल झेंडे आणि संतरी जागेवर आहेत का, नर्सिंग असिस्टंट आणि गाडी हजर आहे का. झिरोइंगला (रायफलचा नेम जुळवताना) 5 गोळ्यांचा ग्रुप बघायचा: घट्ट पण बाजूला पडला तरच साइट हलवायची. विखुरला असेल तर चूक पकडीत, श्वासात किंवा ट्रिगरवर. नवखे इथेच साइट फिरवत बसतात आणि चांगली रायफल बिघडवून ठेवतात. शेवटी दिलेल्या गोळ्या = झाडलेली खोकी (रिकाम्या पुंगळ्या) + उरलेल्या गोळ्या. हा हिशेब जुळल्याशिवाय रेंज सोडायची नाही. खोकं गवतात राहिलं तर पलटण अंधार पडेपर्यंत शोधत बसते.

दुसरं, लेफ्टनंटने दिलेली तोंडी ऑर्डर. ती संपल्यावर सेक्शन कमांडरला (हाताखालच्या छोट्या तुकडीचा प्रमुख) विचारा: काम काय, किती वाजता, मी पडलो तर कमांड कोणाकडे? तो अडखळला तर गुण लेफ्टनंटचे कापा. फर्ड्या हिंदीवर गुण देऊ नका, परीक्षक त्याला फार भुलतात.

आकडेमोड
यादी हो/नाही स्वरूपात ठेवा. दोन परीक्षकांनी एकमेकांशी न बोलता भरावी. त्यातला एक सुभेदार असेल तर उत्तम, लेफ्टनंटला रोज जवळून तेच बघतात. सेवेतल्यांवर अभ्यासाला लष्कराची परवानगी लागेल. ती मिळेलच असं धरू नका, निवृत्त अधिकाऱ्यांच्या मुलाखतींचा पर्याय सिनॉप्सिसमध्ये आत्ताच लिहून ठेवा.