मदत हवी आहे : लेट्रोझोलबद्दल घरच्यांना कसं समजावू?

नमस्कार मंडळी, आम्ही औशाचे. माझ्या धाकट्या जावेला पीसीओएस आहे (हार्मोन्स बिघडून बीज वेळेवर तयार होत नाही, तो त्रास). आधी बीज तयार व्हावं म्हणून क्लोमिफेन ही गोळी दिली. बीज तयार झालं, पण गर्भाशयाचं अस्तर पातळच राहिलं. आता लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस लेट्रोझोल लिहून दिलीय. मेडिकलवाला म्हणाला, "ही तर कॅन्सरची गोळी!" झालं, सासूबाईंनी स्ट्रिप उचलून कपाटात कुलूपबंद केली.

मला समजलं ते असं: ही गोळी इस्ट्रोजेन (बायकांचं हार्मोन) बनवणारं अरोमाटेज एन्झाइम अडवते, इस्ट्रोजेन तेवढ्यापुरतं उतरतं, मग मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एफएसएच हे बीज वाढवणारं हार्मोन वाढवते आणि त्यानं बीज वाढतं. स्तनाच्या कॅन्सरमध्येही इस्ट्रोजेनच कमी करायचं असतं, म्हणून औषध एकच. वंध्यत्वासाठी भारतात २०११ मध्ये तिच्यावर बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. पण सासूबाईंना फक्त 'बंदी' ऐकू येतं, आणि जाऊ बिचारी रडून बसलीय.

इथल्या डॉक्टर मंडळींनी कृपया सांगावं, शेवटच्या गोळीनंतर औषध अंगात किती दिवस राहतं? गर्भ राहिला तर बाळाला धोका नाही ना? फॉलिक्युलर सोनोग्राफीला (बीज किती वाढलं ते बघायच्या तपासणीला) पाळीच्या कितव्या दिवसापासून जायचं? आणि ज्या ताईंनी ही गोळी घेतलीय, त्यांनी घरच्यांना कसं पटवलं? पाळी या आठवड्यातच येईल, त्याआधी कळवा.