लाल-पिवळी गन कुणीबी घेईल, काळी घ्यायची असेल तर आधी मैदानात जा

एका काकांनी विचारलंय की भाचा इंग्लंडला शिकायला गेलाय, त्याला हुबेहूब एके-४७ सारखी दिसणारी एअरसॉफ्ट गन (लुटुपुटूच्या लढाईच्या खेळातली, प्लास्टिकच्या गोळ्या मारणारी) घ्यायचीय, लायसन लागतंय काय. लायसन नाही लागत पण आपल्या खडेबाजारात दिवाळीला टिकल्यांचं पिस्तूल घेतल्यासारखं पण नाही ते. तिथं २००६ चा व्हायलंट क्राईम रिडक्शन कायदा आहे, त्यात खऱ्यासारखी दिसणारी नकली गन विकणं, बनवणं, बाहेरून मागवणं गुन्हा, आणि एअरसॉफ्ट खेळणाऱ्यांना त्यातनं सूट. म्हणजे पकडतात दुकानदाराला, म्हणून तोच पुरावा मागतो. पुरावा म्हणजे बहुतेक ठिकाणी यूकारा नंबर, इन्शुरन्स असलेल्या मैदानावर किमान ५६ दिवसांच्या अंतरात ३ गेम खेळलं की मिळतोय. यूकारा म्हणजे सरकारी लायसन नव्हे हं, दुकानदारांच्या संघटनेनं ठेवलेली खेळाडूंची यादी आहे नुसती, उगं लोक घाबरवतात. नंबर नसेल तर भडक रंगाची, लाल निळी पिवळी असली घ्यायची, वय मात्र दोन्हीला १८ पूर्ण पाहिजेच.

आणि चायनावरनं स्वस्तात मागवतो म्हणाला तर नको म्हणून सांगा, मग इम्पोर्ट करणारा तोच ठरतो की हो! पॉवरची पण लिमिट आहे, ऑटोमॅटिक १.३ ज्यूल, सिंगल शॉट २.५, त्याच्या वर गेली की एअरसॉफ्टची सूट संपली. बसमधनं नेताना बॅगेतच ठेवायची, चारचौघात कारण नसताना हातात धरली तरी केस होते.