लिफ्टमध्ये बैल कुणी काढला?

पाटणकर (बी-५०३): बी विंगच्या लिफ्टमध्ये परत कुणीतरी खिळ्याने कोरलंय. बैलाचं डोकं, डोळा, नागमोडी रेघ. दिवाळीतच रंग काढला होता. खर्च कोण देणार?

सेक्रेटरी: नोंद घेतली आहे, पाटणकरसाहेब. कॅमेरा बघतो.

मेधा (बी-३०१): कॅमेरा चालू आहे?

सेक्रेटरी: 🙏

गोखले सर (ए-१०२): फोटो मोठा करून पाहिला. पाटणकर, ही नुसती चित्रं नाहीत, अक्षरं आहेत. इजिप्तच्या सिनाई वाळवंटात सेराबित अल-खादिमला पिरोज्याच्या खाणी होत्या. तिथे साधारण ३,८०० वर्षांपूर्वी कनानी (आजच्या इस्रायल-लेबनॉनकडच्या) लोकांनी अशाच खुणा दगडावर कोरल्या. चित्रं इजिप्तची, पण वापर वेगळा. बैलाला ते ‘अल्प’ म्हणत, म्हणून बैलाचं डोकं म्हणजे त्या शब्दाचा फक्त पहिला ध्वनी. पाण्याची रेघ म्हणजे ‘म’. इजिप्तच्या शेकडो चिन्हांचं काम तीसेकांत भागलं!

पाटणकर: माहितीबद्दल आभार. खर्च कोण देणार?

निखिल (सी-६०१): इंग्रजी ‘ए’ उलटा केला तर शिंगं दिसतात की 😂

गोखले सर: तोच बैल. लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या फिनिशियनांनी आडवा केला, ग्रीकांनी पाय वर करून ठेवला. पुरातत्त्वज्ञ पेट्रींना सिनाईतले हे लेख १९०५ साली मिळाले. १९१६ मध्ये इजिप्तच्या लिपीचे अभ्यासक गार्डिनर यांनी त्यात ‘बअलत’ हे देवीचं नाव वाचलं.

मेधा: म्हणजे लिपी खाणीतल्या मजुरांनी काढली, शिकलेल्यांनी नाही?

गोखले सर: इजिप्तविद्येच्या अभ्यासक ओर्ली गोल्डवासर तसंच म्हणतात. सगळ्यांना पटलेलं नाही.

मेधा: शिकलेल्यांना कसं पटेल? मागच्या कमिटीचे मिनिट्स आठवा. कुणाला वाचता येऊ नयेत म्हणूनच लिहिलेले.

जोगळेकर (ए-४०४): मेधाताई, मिनिट्स ऑफिसात आहेत. येऊन वाचावेत.

पाटणकर: कोरणारा कुणाचा नातू आहे हे सगळ्यांना माहीत आहे. खर्च कोण देणार?

निखिल: सर, पहिलं वाक्य काय लिहिलं असेल? राजाचा हुकूम?

गोखले सर: या लिपीतलं आजवर मिळालेलं सर्वांत जुनं पूर्ण वाक्य लाखीश या जुन्या कनानी शहरातल्या हस्तिदंती फणीवर आहे, सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीचं. १७ अक्षरं. केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघू देत, एवढंच. फणीच्या दातात उवेचे अवशेषही सापडले.

शिल्पा (बी-२०४): उवांवरून आठवलं. प्ले एरियात जायला लागल्यापासून सईच्या डोक्यात झाल्यात. कुणाकडून आल्या ते माहीत आहे, नाव घेत नाही.

रेवतीची आई: शिल्पा, रोख आमच्यावर असेल तर सरळ बोल. रेवतीचं डोकं मी रोज बघते.

शिल्पा: मी नाव घेतलं का?

कुलकर्णीकाका: 🚩 जगातल्या सर्व लिप्या देवनागरीतून निघाल्या! प्रत्येकाला पाठवा 🚩 (फॉरवर्डेड)

गोखले सर: कुलकर्णी, देवनागरी फार नंतरची, ब्राह्मीच्या वंशातली. अशोकाचे ब्राह्मी लेख इ.स.पू. तिसऱ्या शतकातले. ब्राह्मी पश्चिम आशियातल्या अरामी लिपीवरून घडली असं बरेच अभ्यासक मानतात, वाद आहे. अरामी मात्र फिनिशियनवरून आली. ते खरं धरलं तर आपला ‘अ’सुद्धा त्या बैलाच्या भावकीतला.

कुलकर्णीकाका: आपलं ते सगळं उसनं, नाही का सर? छान.

गोखले सर: 👍

पाटणकर: खर्च?

सेक्रेटरी: ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे. उद्या टाकी सफाई, १० ते २ पाणी नाही.

रेवतीची आई: सगळ्या विंगना की फक्त बी?

शिल्पा: आणि हे आत्ता सांगताय?