मदत हवी आहे: सेफिड आणि लाल राक्षसी तारे, हबल स्थिरांकाचा आकडा वेगळा का येतो?

मंडळी, मी कोल्हापूरचा, बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला, सेमिनारला विषय घेतलाय हबल स्थिरांक (विश्व किती वेगानं पसरतंय तो आकडा), कशाला घेतला असं झालंय आता. बेसिक कळलंय, म्हणजे रंकाळ्यावर संध्याकाळी पलीकडच्या काठाचे दिवे मिणमिणते दिसतात पण बल्ब इकडच्यासारखाच आहे हे माहीत असलं की अंतर काढता येतं, तसंच सेफिडचं (ठरावीक दिवसांनी तेज कमी-जास्त होणारे तारे), खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेव्हिटनं १९१२ साली दाखवलं की कमी-जास्त व्हायला जितके जास्त दिवस तितका तारा मुळातच तेजस्वी. मग पॅरॅलॅक्सनं (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा किती सरकलेला दिसतो त्यावरून) जवळचे सेफिड, त्यावरून लांबच्या गॅलेक्सीतले, त्यावरून टाइप १ए सुपरनोव्हा (ज्यांचं मूळ तेज साधारण सारखंच असतं असे ताऱ्यांचे स्फोट). इथवर ठीक.

घोळ पुढं आहे. अ‍ॅडम रीस यांच्या टीमला या शिडीनं ७३ च्या आसपास येतात (किमी प्रति सेकंद प्रति मेगापार्सेक), प्लँक उपग्रहानं मोजलेल्या विश्वाच्या सुरुवातीच्या प्रकाशावरून ६७.४, आणि वेंडी फ्रीडमन यांनी २०१९ ला सेफिड सोडून लाल राक्षसी तारे घेतले, हेलियम पेटतो तेव्हाचं त्यांचं कमाल तेज, तर आले ६९.८! शेवटची पायरी दोघांचीही सुपरनोव्हाच, मग फरक नेमका पडतो कुठं? धूळ का मेटॅलिसिटी (ताऱ्यातलं हेलियमपेक्षा जड मूलद्रव्यांचं प्रमाण)? शेजारच्या ताऱ्यांची गर्दी म्हणावं तर वेब दुर्बिणीनं सेफिड सुटे सुटे दाखवले तरी हबल दुर्बिणीनं काढलेली अंतरं जवळपास तशीच राहिली.

सरांना विचारलं तर म्हणाले "एरर बार बघ" (म्हणजे आकड्यातली अनिश्चितता). बघितले की ओ, तिथंच तर अडलोय.

शुक्रवारी सेमिनार आहे. पेपर वाचायची तयारी आहे, फक्त आधी कुठला वाचू तेवढं सांगा, लई उपकार होतील.