‘रहस्यनाटक’ म्हटलं की खूनच आठवतो

अनुवादिका: फ्रेंच रंगभूमीच्या सुरुवातीच्या काळावरचा एक लेख मराठीत करतेय. वाक्य असं: ‘१५४८ मध्ये पॅरिसच्या उच्च न्यायालयाने धार्मिक रहस्यनाटकांवर बंदी घातली.’ घरी वाचून दाखवलं, तर पहिला प्रश्न आला, ‘खून कोणाचा?’ मूळ शब्द ‘मिस्तेर’. बायबलातल्या कथा, येशूचं दुःखसहन, संतचरित्रं यांचे भर चौकात दिवसचे दिवस चालणारे खेळ. काय म्हणू?

वसईकर: ‘दुःखसहन-नाट्य’. आमच्याकडे उपासनेत हाच शब्द आहे. १४०२ मध्ये राजा सहाव्या चार्ल्सने ज्या मंडळाला हे खेळ करायचा परवाना दिला, त्याच्या नावातच ‘पासिओं’, म्हणजे दुःखसहन, आहे ना?

अनुवादिका: आहे. पण संतांवरची आणि जुन्या करारातली मिस्तेरं त्यात कशी बसवू?

रत्नांग्रीचा: सरळ ‘लळित’ लिहा की! उत्सव, देव, सोंगं, मधूनच हशा. पंधराव्या शतकातला फ्रेंच नाटककार ग्रेबाँ, त्याच्या येशूवरच्या मिस्तेरात सैतानही हसवतातच.

जुना रंगकर्मी: लळित एका रात्रीत आटोपतं हो. ग्रेबाँचं नाटक चार दिवसांचं, सुमारे ३५ हजार ओळींचं. उत्तर फ्रान्समधल्या व्हालाँसिएनला १५४७ मध्ये पंचवीस दिवस खेळ चालला. एका टोकाला स्वर्ग, दुसऱ्या टोकाला नरकाचा जबडा, मधली सगळी स्थळं एकाच वेळी प्रेक्षकांसमोर. लळित म्हटलंत की वाचक थेट कोकणात पोचेल, पॅरिसला नाही.

व्युत्पत्तीप्रेमी: मुळात इथे ‘रहस्य’ आहे का, हेच वादाचं आहे. काही अभ्यासक हा शब्द लॅटिन ‘मिनिस्तेरियम’शी, म्हणजे सेवा किंवा विधीशी जोडतात. मला तेच पटतं. ‘विधिनाट्य’ म्हणा.

जुना रंगकर्मी: विधिनाट्य म्हणजे आपल्याकडे जागरण-गोंधळ. ‘मिस्तेर’च ठेवा, एकदा खुलासा करा. ‘फार्स’ नाही का रुळला? पौराणिक नाटकानंतर फार्स व्हायचा, आणि लोक त्याला फार्सच म्हणायचे.

संस्कृतप्रेमी: भरतमुनींचं ‘प्रहसन’ हाताशी असताना? हा आळस आहे.

व्युत्पत्तीप्रेमी: ‘फार्स’ फ्रेंचच. ‘फार्सिर’ म्हणजे सारण भरणं, आपल्या भरल्या वांग्यासारखं. गंभीर खेळात मध्येच भरलेला हसवणारा तुकडा. प्रहसनात हा अर्थ कुठून येणार?

संस्कृतप्रेमी: पंधराव्या शतकातल्या ‘पातलँ’ वकिलाचा फार्स कशात भरलाय? स्वतंत्र नाटक आहे ते. लबाड वकील कापडवाल्याला फसवतो, आणि त्याने सोडवलेला धनगर फीच्या वेळी त्यालाच ‘बें बें’ करून वाटेला लावतो. शुद्ध प्रहसन!

अनुवादिका: माझं १५४८चं वाक्य? त्याच निकालात १४०२च्या त्या मंडळाला पॅरिसमध्ये लौकिक नाटकांचा एकाधिकार मिळाला. म्हणजे ‘लौकिक’च्या विरुद्ध उभा राहील असा शब्द हवाय मला.

वसईकर: मग ‘पवित्र नाट्य’?

जुना रंगकर्मी: ते नंतर बघू. संस्कृतप्रेमी, प्रहसनाचे अंक किती, ते आधी सांगा.