धागा : ‘सगळा कचरा जाळा, फुकट वीज घ्या’ म्हणणाऱ्यांसाठी

पर्वतीपायथा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरतेय, तुमच्याकडेही आली असेलच. सार असं : स्वीडन बाहेरून कचरा मागवतो, कोपनहेगनमध्ये कचरा जाळणाऱ्या प्रकल्पाच्या छपरावर लोक स्कीइंग करतात आणि आपण पुणेकर अजून दोन बादल्या घेऊन जिन्यात उभे. एकच मोठा प्रकल्प बांधा, सगळा कचरा त्यात लोटा, वीज घ्या, ओल्या-सुक्याची कटकट कायमची संपवा. खाली अंगठ्यांची रांग. त्यात एक अंगठा आमच्या चेअरमनसाहेबांचा. यांच्या बादलीत भाताखाली रिमोटचे सेल निघतात.

तिथे दोन ओळी लिहिल्या तर ‘ग्रुप फक्त सूचनांसाठी आहे’ असं उत्तर आलं. म्हणून इथे सविस्तर.

स्वीडनमध्ये भट्टीत जातं ते बाकीचं वेगळं काढून झाल्यावर उरलेलं. शिवाय त्या भट्टीची उष्णता थंडीत घरं तापवायला जाते. पुण्यात ती कुठे देणार, एप्रिलमध्ये सदाशिव पेठेत? आपल्या बादलीत निम्म्याहून जास्त ओलं असतं. दिल्लीत तिमारपूरला 1987 मध्ये डेन्मार्कच्या तंत्राची अशीच भट्टी आणली होती. कागदावर जेवढा उष्मांक (म्हणजे जळून मिळणारी उष्णता) धरला होता त्याच्या निम्म्याच्या आसपासचा कचरा आला आणि ती काही आठवड्यांत थंड पडली. लांब कशाला जायचं, आपल्या रामटेकडीचा रोज सातशे टन कचऱ्यापासून वीज करायचा प्रकल्प पूर्ण क्षमतेने कधी चालला, सांगा.

माझं म्हणणं भट्टी नकोच असं नाही. आधी ओलं जिथल्या तिथे जिरवा, विकाऊ सुकं वेगळं काढा, मग जे उरेल ते मोजा आणि तेवढीच भट्टी बांधा. उलट केलंत तर भट्टीला रोज ठरलेले टन पुरवायचा करार होणार. मग वेगळं करा म्हणून सांगायला पालिकेला कशाला गरज पडेल?

मोशीवाला

आली नकारघंटा. नदीपलीकडे या जरा. पिंपरी-चिंचवडने मोशीला सातशे टनांचा प्रकल्प उभा केला, 2023 मध्ये सुरू झाला, 14 मेगावॅटचा. तुम्ही तिमारपूर उगाळत बसा. 1987 मधला फोनही चालायचा नाही, म्हणून मोबाइल घेतला नाहीत का?

आणि ‘जिथल्या तिथे’ म्हणजे काय ते पुण्यानेच करून दाखवलंय. वॉर्डावॉर्डात पाच-पाच टनांचे बायोगॅस प्रकल्प बांधले. किती बंद पडले? का पडले? ओल्यात प्लास्टिक, देखभालीला माणूस नाही, शेजाऱ्यांची वासाची तक्रार. वीस ठिकाणी वीस ठेकेदार सांभाळण्यापेक्षा एका ठिकाणी एकाची मानगूट धरणं सोपं.

निवृत्त बॉयलर

आयुष्य बॉयलरवर गेलं म्हणून फक्त हिशेबाचं बोलतो. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे सहाशे किलोकॅलरी लागतात. भाजीची देठं, कलिंगडाच्या साली, उरलेली आमटी यात ऐंशी-नव्वद टक्के पाणीच असतं. म्हणजे भट्टीत तुम्ही पाणी उकळताय आणि त्यासाठी शेजारच्या प्लास्टिकची उष्णता खर्च करताय. 2016 चे घनकचरा नियमही सांगत होते की ज्याचा पुनर्वापर होत नाही आणि ज्याचा उष्मांक किलोला 1500 किलोकॅलरी किंवा जास्त आहे, ते जमिनीत पुरू नका, ऊर्जेसाठी द्या. ‘सगळा कचरा’ असं त्यात कुठेही नव्हतं.

आता मोशीचा आकडा घ्या. 14 मेगावॅट पूर्ण दिवस चालले तर 3,36,000 युनिट. भागिले सातशे टन. किलोला अर्धं युनिटसुद्धा पुरतं नाही, त्यातून प्रकल्पाचे स्वतःचे पंखे-पंप वजा करा. हा कचऱ्याचं आकारमान कमी करायचा कारखाना आहे, वीज हे त्याचं पोटउत्पन्न. तसं म्हणून बांधलात तर माझा विरोध नाही. मात्र भट्टीचं तापमान 850 अंशांच्या खाली आलं की डायॉक्सिन या विषारी रसायनाचा धोका, आणि ओला घाणा पडला की ते खाली येतंच. राखही कुठेतरी टाकावी लागते. धुराड्याच्या गाळणीतली राख तर विषारीच धरायची.

मोशीवाला

काका, मोशीत आधी वर्गीकरण होतं, मग भट्टी. हे मीही जाणतो. म्हणजे यंत्र करू शकतं ते काम. मग घरोघरी गृहिणींना का राबवता?

पर्वतीपायथा

कारण एकदा आमटीत भिजलेला पुठ्ठा जगातलं कुठलंही यंत्र कोरडा करून देत नाही. आणि ‘गृहिणींना’ का? बादली पुरुषांना उचलत नाही?

फुरसुंगीचा

तुमची स्कीइंग आणि तुमची आमटी वाचली. आता आमचं ऐका. नव्वदच्या दशकापासून तुमचा कचरा आमच्या उरुळी-फुरसुंगीच्या माथ्यावर. आमच्या विहिरीचं पाणी आधी पिवळट झालं, मग त्यावर तवंग धरायला लागला, आजीने शेवटी वर जाळी टाकून घेतली. टँकरवर पोरांची शाळा झाली. माझ्या चुलतभावाला पाहायला आलेले पाहुणे चहा न घेता उठले, माशाच तेवढ्या होत्या. 2014 ला आम्ही गाड्या अडवल्या तेव्हा तुमच्या चौकात ढीग लागले आणि शहराला एकदम पर्यावरण आठवलं. 2017 ला आम्हाला महापालिकेत घेतलं, नंतर काढून वेगळी नगरपरिषद केली. कचरा डेपो मात्र गेला नाही.

आम्हाला भट्टी, बायोगॅस, गांडूळ काही सांगू नका. जे करायचं ते कोथरूडात करा, बाणेरात करा. तुमच्या मैदानाला लागून. बघू किती अंगठे येतात.

मोशीवाला

दादा, तुमच्यासाठीच तर म्हणतोय, जाळलं की डोंगर वाढणार नाही.

फुरसुंगीचा

आमच्यासाठी म्हणत म्हणत इतकी वर्षं सगळे आमच्याच दारात येतायत. रामटेकडीपण हडपसरलाच. पश्चिमेला जमीन नाही होय?

तिसरा मजला

इथे कोणी दर महिन्याच्या पैशांचं बोलेल का? मिळकतकर भरतो, त्यात स्वच्छतेचे पैसे घेतात. वर ‘स्वच्छ’च्या (कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या) बाईंना घरटी वेगळे पैसे. वर त्या सुका कचरा विकून पैसे घेणार. एकाच बादलीचे तीनदा पैसे! म्हणून आम्ही पुठ्ठा, बाटल्या, रद्दी वेगळी काढून भंगारवाल्याला देतो, सोसायटीच्या फंडात जमा. त्यावर बाईंनी कुरकुर केली. आमचा पुठ्ठा आम्ही कोणाला द्यायचा तेही त्या सांगणार?

कात्रज घाट

माझी आई त्याच कामात आहे, म्हणून उत्तर देते. त्या घरटी पैशांत दारावर येणं, ओलं-सुकं हाताने पुन्हा निवडणं, गाडी ढकलत फीडर पॉइंटला, म्हणजे पालिकेची गाडी उभी असते तिथे, नेणं एवढं बसतं. दोन घरं देतात, तिसरं ‘पुढच्या महिन्यात’ म्हणतं. कमाईचा खरा आधार सुक्याचा. आणि सुक्यात पैसा कशाला येतो? पुठ्ठा, बाटली, कडक प्लास्टिक, डबे. नेमकं तेच तुम्ही काढून घेता. मग आईच्या वाट्याला काय उरतं? चिप्सची चकचकीत पाकिटं, ज्यांना कोणी विचारत नाही. दुधाच्या पिशवीचा कापलेला तिकोनी तुकडा, जो कशालाच धरून राहत नाही. डायपर. पॅड कागदात गुंडाळून लाल ठिपका काढा म्हणून किती वर्षं सांगतायत. आमच्या आळीत एक आजोबा काढतात, त्यांची सून नाही.

पुठ्ठा तुमचा, डायपर आमचे. असा न्याय.

तिसरा मजला

भावनिक करू नका. बाजारभावाने जो जास्त देईल त्याला माल विकणं गुन्हा आहे का? आणि सगळ्याच जणी तुमच्या आईसारख्या नसतात. आमच्याकडची चार दिवस येत नाही, सांगतही नाही.

कात्रज घाट

सांगायला लिफ्टने वर यावं लागतं. तुमच्या लिफ्टमध्ये चालतं का? बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

तिसरा मजला

लिफ्टमध्ये बादली सांडते. मग फरशी कोण पुसणार, तुम्ही?

कात्रज घाट

सांडते कारण ओल्याला झाकण नसतं. आणि फरशी आई पुसतेच, तुम्हाला दिसत नाही एवढंच.

निवृत्त बॉयलर

विषयांतर वाटेल, पण नाही. या बाई म्हणतायत तेच भट्टीचं गणित आहे. चांगलं सुकं भंगारवाल्याकडे, ओलं कुजत, मग भट्टीला जाणार काय? पाकिटं, चिंध्या, चपला आणि रस्ता झाडलेली माती. मातीला उष्मांक नसतो. 2018 च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीमागे पन्नास पैसे परत मिळणार होते. कोणाला मिळाले हात वर करा. ते झालं असतं तर तो तिकोनी तुकडासुद्धा लोकांनी जपला असता.

सेक्रेटरी नाइलाज

इतका वेळ गप्प होतो. सोसायटी चालवणाऱ्याचं पण ऐका. रोज शंभर किलोपेक्षा जास्त कचरा म्हणजे आम्ही मोठे उत्पादक, ओलं आवारातच जिरवायचं. बिल्डरने खताचं यंत्र दिलं, भोगवटा पत्र हातात पडेपर्यंत गरगर फिरलं. नंतर भुसा आणा, कल्चर आणा, वीजबिल भरा, चालवायला माणूस ठेवा. खत तयार झालं तर न्यायला कोणी नाही. तळमजल्यावरच्यांनी वासावरून लेखी तक्रार दिली. आता त्या यंत्रावर गणपतीचं मखर ठेवलंय. मिश्र कचरा उचलून नेणारा खासगी टेम्पो लावलाय. कुठे नेतो विचारलं नाही. विचारावं असं वाटलंही नाही.

फुरसुंगीचा

आम्ही सांगू का कुठे नेतो?

पर्वतीपायथा

आणि गांडूळखताच्या नावाने मिळकतकरात पाच टक्के सवलत घेताय का?

सेक्रेटरी नाइलाज

तो विषय वेगळा आहे.

मोशीवाला

बघा, हेच मी म्हणत होतो! लोक करत नाहीत. तुम्ही गृहीत धरता की सगळे पर्वतीपायथ्यासारखे बादल्या धुवून ठेवणारे सज्जन आहेत. धोरण सेक्रेटरीसाहेबांसारख्यांना धरून आखायचं असतं. चला, मानलं, ओलं भट्टीत नको. मग ओल्यासाठी मोठा बायोगॅस, एकच, गावाबाहेर…

फुरसुंगीचा

कुठल्या गावाबाहेर?

मोशीवाला

…ते पालिका ठरवेल.

कात्रज घाट

म्हणजे ठरलंच.

पर्वतीपायथा

मोठा नको, दहा टनांचा वॉर्डात चालतो, फक्त त्यात येणारं निवडलेलं हवं. हॉटेलांचं ओलं वेगळं उचललं जातं तिथे गॅस नीट बनतो, कारण त्यात सॅनिटरी पॅड नसतात. जे पाच टनी बंद पडले त्यांच्या तोंडाशी निवडायला माणसं बसवा आणि त्यांना पगार द्या. भट्टीवाल्याला टनामागे प्रक्रिया शुल्क देताच ना? तेच टन जी बाई भट्टीपर्यंत पोचूच देत नाही तिला ते शुल्क का नको?

तिसरा मजला

आला परत आमच्या खिशावर.

पर्वतीपायथा

तुमच्या नाही, पालिकेच्या.

तिसरा मजला

पालिकेत कोणाचे असतात?

सेक्रेटरी नाइलाज

रविवारी आमची सर्वसाधारण सभा आहे. पुठ्ठा फंडात न घालता ‘स्वच्छ’च्या मावशींनाच द्यायचा असा ठराव मांडतो, पास होईल याची खात्री नाही. यंत्रही सुरू करून बघतो. मखर कुठे ठेवायचं तेवढं सांगा.

फुरसुंगीचा

आमच्याकडे पाठवू नका म्हणजे झालं.